रबर वापरायचं नाही

"कोड हाच उद्याचा कुंचला आहे," मी म्हणालो आणि वाक्याचा परिणाम बघायला जरा थांबलो.

परिणाम काही झाला नाही. पंखा फिरत राहिला. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटची वरची खोली मी रविवार दुपारपुरती मिळवली होती आणि समोर तीन माणसं बसली होती. दोघं फ्लेक्सची डिझाइनं करणारे मित्र, ते एकाच कॉम्प्युटरवर क्रिकेटचा स्कोअर बघत होते. तिसरी अफरीन मुजावर. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, प्रोग्रॅमिंगला इतकी घाबरायची की त्याचं नाव काढलं की विषय बदलायची, म्हणून वडिलांनी तिला माझ्याकडे पाठवलं होतं. जाहिरातीत मी लिहिलं होतं, 'चित्रकारांसाठी आणि नवशिक्या प्रोग्रॅमरांसाठी क्रिएटिव्ह कोडिंग'. शिकवणार कोण, तर 'क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजिस्ट प्रसन्न काशीद'. हे पद मी स्वतःच स्वतःला बहाल केलं होतं. पुण्यातल्या कंपनीनं मला नारळ दिल्यापासून डोक्यावर अंबाडा बांधण्याइतके केस वाढले होते, तेवढीच काय ती माझी प्रगती.

दाराशी चप्पल काढल्याचा आवाज आला.

"उशीर झाला. येऊ का आत?"

साठी ओलांडलेल्या एक बाई उभ्या होत्या. सुती साडी, खांद्याला झोळी, उजवा हात पदराखाली.

"या ना आजी," मी उदारपणे म्हणालो. "वयाचं काही बंधन नाही आपल्याकडे."

त्यांनी मला अंबाड्यापासून बुटांपर्यंत नीट पाहिलं. "आजी? काशीद ना रे तू? कपबशीवाला?"

माझ्या अंगातलं सगळं टेक्नॉलॉजिस्टपण एका क्षणात गळून पडलं. त्या इंदुलकर बाई होत्या, माझ्या शाळेतल्या चित्रकलेच्या. एलिमेंटरीच्या परीक्षेच्या सरावाला त्यांनी टेबलावर कपबशी मांडली होती आणि मी कपाचा कान खोडून खोडून असा काही काढला की तिथं कागदाला भोक पडलं. बाईंनी माझं रबर काढून घेतलं होतं. "माझ्या वर्गात रबर वापरायचं नाही. चुकलेली रेघ असू दे तिथंच. तिच्या शेजारी बरोबर काढ." हा त्यांचा कायदा होता. पुढे परीक्षेत मला सी ग्रेड मिळाली. बिनकानाच्या कपाला त्याहून जास्त मिळणारही नव्हती.

"बाई, तुम्ही? बसा, बसा." मी स्वतःची खुर्ची पुढे केली.

"कोडचा कुंचला का काय म्हणत होतास, ते चालू दे."

मी चालू दिलं. पडद्यावर एक छोटासा बाण असतो, त्याला कासव म्हणतात. शंभर पावलं पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ, अशा आज्ञा एकेका ओळीत लिहायच्या. कासव चालत जातं आणि त्याच्या मागे रेघ उमटते. हे लहान मुलांना शिकवायला वापरतात, ही गोष्ट मी जाहिरातीतून वगळली होती. मी एक चौकोन काढून दाखवला. फ्लेक्सवाल्यांनी वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. बाई मात्र पुढे सरकल्या.

"ही रेघ सरळ काढतं?"

"अगदी सरळ, बाई."

"प्रत्येक वेळी? थरथरत नाही?"

मी हसलो. "कॉम्प्युटर कशाला थरथरेल?"

तेव्हा त्यांनी पदराखालचा हात काढून टेबलावर ठेवला. तो हात थांबतच नव्हता. बोटं टेबलावर टकटक वाजत होती, शेजारचा माउस हलून पडद्यावरचा बाण इकडेतिकडे पळत होता. माझं हसू तोंडावरच अडकलं आणि ते काढून कुठं ठेवावं ते मला कळेना.

"दोन वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "औषधं चालू आहेत. अर्धा भरलेला कप धरता येतो, कुंचला नाही. आणि मार्चमध्ये आमच्या कलामंडळाचं प्रदर्शन असतं. मी नोकरीला लागले तेव्हापासून दरवर्षी तिथं माझं चित्र लागायचं. आता मेस्त्री अण्णा माझ्या जागेवर नुसता खिळा ठोकून ठेवतो. म्हणतो, बाईंची जागा आहे, दुसऱ्याला नाही द्यायची. तो रिकामा खिळा बघायला मला जाववत नाही रे. या वर्षी तिथं माझं काहीतरी लागलं पाहिजे. तुझं कासव म्हैस काढेल का?"

बाई म्हशी काढायच्या, हे सगळ्या कोल्हापूरला माहीत होतं. भल्या सकाळी शहरात धार काढायला आणलेल्या म्हशी, तळ्यात डुंबणाऱ्या म्हशी, शेपटीनं माशा हाकणाऱ्या म्हशी. खरं तर कासवाकडून म्हैस काढून घ्यायचा विचार मी स्वप्नातही केला नव्हता. माझी झेप फुलापर्यंत होती, तेही पाच पाकळ्यांच्या.

"काढेल की," मी म्हणालो.

तिसऱ्या रविवारी फ्लेक्सवाले यायचे बंद झाले. राहिल्या बाई आणि अफरीन. बाई डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करायच्या. एक ओळ लिहिली की कासव चालवून बघायचं, डोळे बारीक करायचे, मान तिरकी करायची, मग पुढची ओळ. दोघींची गट्टी जमली. अफरीन त्यांना कंस कुठं राहिला ते सांगायची आणि त्या अफरीनला म्हशीचं बूड कुठं असतं ते सांगायच्या. गंमत म्हणजे अफरीनची भीती माझ्या शिकवण्यानं गेली नाही, ती या बुडानं गेली. "सर, मी कोनाचा हिशेब न बघता घातला, बरोबर आला!" असं ती एकदा ओरडली आणि मी तिच्याकडे अशा नजरेनं बघितलं जसं काही मीच तो घातला होता.

एके दिवशी तीच म्हणाली, "सर, बाईंची फाइल जरा बघता काय? लई मोठी झालीया. आणि कासव मधेच उगाच चिखल काढालंय."

मी फाइल उघडली आणि खाली जात राहिलो, जात राहिलो. संपेचना. मग हळूहळू प्रकार ध्यानात आला. बाईंचा मागचा पाय चुकला होता. कुणीही काय केलं असतं? त्या चार ओळी खोडून नव्या लिहिल्या असत्या. बाईंनी तसं केलं नव्हतं. त्यांनी कासवाला परत पाठवून चुकलेल्या पायावर तळ्यातल्या चिखलाच्या रंगाचं एक ठिगळ काढायला लावलं होतं आणि त्या ठिगळावर नवा पाय. तो चुकला तर त्यावर आणखी ठिगळ, आणखी पाय. शिंगांचं तेच. कानांचंही तेच. फाइलीत एकूण किती म्हशी गाडल्या गेल्या होत्या देव जाणे.

"बाई, हे असं नसतं," मी कळवळून म्हणालो. "ही ओळ नको असेल तर खोडून टाका ना. हे बॅकस्पेसचं बटण आहे."

"रबर वापरायचं नाही."

"अहो, हे रबर नाही!"

"मग काय आहे?"

मी कोड कसा स्वच्छ असावा यावर एक छोटं व्याख्यान दिलं. बाईंनी ते ऐकून घेतलं. शाळेत मी होमवर्क न आणण्याची कारणं सांगायचो, तीही त्या अशाच ऐकून घ्यायच्या.

"तैलरंगात चुकलेलं खोडता येतं का?" त्या म्हणाल्या. "वरून रंग द्यायचा. खालचं खाली राहतं, कुणाला दिसत नाही."

"पण इथं दिसतं, बाई. कासव सगळं पहिल्यापासून काढतं. बघणाऱ्याला तुमच्या सगळ्या चुका एकेक करून दिसणार."

यावर मात्र पदराखालचा हात त्यांनी आणखी आत घेतला. "ते नको," त्या हळूच म्हणाल्या. "लोकांनी आधीच खूप बघितलंय."

मी छाती काढून म्हणालो, "काळजी नको. माझ्याकडे उपाय आहे." मी फाइलीच्या सुरुवातीला एक ओळ घातली. तिच्यामुळे कासव दिसतच नाही, सगळं काम पडद्याआड करतं आणि शेवटी पूर्ण झालेलं चित्र एकदम समोर येतं. बटण दाबलं आणि क्षणात म्हैस उभी राहिली. पाण्यातून नुकतीच वर आलेली, पाठ ओली, मान वळवलेली. मी टाळीच वाजवायचा बाकी होतो.

बाईंनी डोळे बारीक करून, मान तिरकी करून बघितलं. "चांगली आहे," त्या म्हणाल्या. "पण असं एकदम समोर आलं की दुसऱ्याच कुणीतरी काढल्यासारखं वाटतं."

नेमकं तेच मेस्त्री अण्णा म्हणाले.

अण्णा कलामंडळाचे कर्तेधर्ते. निसर्गचित्रं काढायचे, दर रविवारी सकाळी रंकाळ्यावर स्केचिंगला बसायचे आणि बाईंचा हात चालत होता तोपर्यंत बाई त्यांच्या शेजारच्या स्टुलावर असायच्या. प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात ते इन्स्टिट्यूटचा जिना चढून आले. मी बटण दाबलं. म्हैस उभी राहिली.

"झालं?" अण्णा म्हणाले.

"झालं."

"आन् बाईनं काय केलं?"

"आज्ञा लिहिल्या. सगळ्या त्यांनीच लिहिल्यात, अण्णा."

"आज्ञा दिऊन चित्र हुतंय व्हय? मग आमी पोरांना म्हणावं, काढा रं एक डोंगर, आन् खाली आमची सही." ते बाईंकडे वळले आणि त्यांचा आवाज मऊ झाला. "बाई, राग मानू नगा. म्हैस झ्याक हाय. पर ही मशीनची म्हैस हाय, तुमची न्हाई. तुमच्या खिळ्यापाशी दुसऱ्याचं काय लावून माझ्या जिवाला चैन पडायचं न्हाई."

मी वाद घालायला तोंड उघडलं. बाईंनी मला डोळ्यांनी गप्प केलं. वीस वर्षांनीसुद्धा त्यांना ते जमत होतं.

"अण्णा, उद्घाटनाच्या आधी हॉलवर भिंतीवर बघा एकदा, मोठं करून," त्या म्हणाल्या. "माझं वाटलं तर राहू दे. नाही वाटलं तर मी घरी नेईन आणि पुन्हा विषय काढणार नाही. खिळाही ठोकू नका मग पुढच्या वर्षी."

अण्णा गेल्यावर अफरीन रडायच्या बेतात आली. बाईंनी तिला झोळीतून राजगिऱ्याचा लाडू काढून दिला.

त्या रात्री मी ठरवलं की आता आपणच काहीतरी केलं पाहिजे. मला वाटलं, बाईंचा कोड स्वच्छ असता, सुटसुटीत असता, तर अण्णांना छापून दाखवता आला असता. बघा, एवढ्याशा ओळींत म्हैस, ही बाईंची करामत. तेव्हा मी बसलो आणि गाडलेल्या म्हशी उपसायला लागलो. पहिला चुकलेला पाय खोडला, त्यावरचं ठिगळ खोडलं, आणि चालवून बघितलं. म्हशीचं डोकं आभाळात गेलं.

मी चुकलेलं शिंग खोडलं. शिंग शेपटीला जाऊन चिकटलं. चुकलेले कान खोडले, तर धड पोटाखाली आणि पाय वर. कासवाचं असंच असतं, हे मी पहिल्याच तासाला शिकवलं होतं. ते जिथं थांबलं तिथूनच पुढे निघतं. चुकलेला पाय संपला तिथून बाईंनी बरोबर पाय मोजला होता. बरोबर शिंग चुकलेल्या शिंगाच्या टोकावरून निघालं होतं. मी शेवटी हात टेकले, माझी फाइल फेकून दिली आणि बाईंनी मला अगोदर पेन ड्राइव्हवर दिलेली मूळ प्रत परत घेतली. कपाच्या कानासारखंच झालं होतं, फक्त या वेळी कागद फाटला नव्हता.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही सगळ्यांच्या आधी हॉलवर पोचलो. इतर चित्रं टांगून झाली होती. कोपऱ्यातल्या भिंतीवर एक मोकळी चौकट, तिच्यात तो खिळा. मी प्रोजेक्टर लावला. अण्णा हाताची घडी घालून उभे राहिले. त्यांच्यामागे मंडळाचे दहाबारा लोक गोळा झाले. बाई खुर्चीत बसल्या, पदर नीट करून.

मी बटण दाबलं.

म्हैस आली नाही. भिंतीवर एक छोटासा बाण आला आणि चालायला लागला.

"सर," अफरीन माझ्या कानाशी कुजबुजली, "ती लाइन टाकली न्हाईसा काय?"

मूळ प्रत परत घेतली होती. मूळ प्रतीत माझी ओळ कुठून असणार? कासव सावकाश तळ्याचा काठ काढत होतं. आता पाय येणार होता, तो चुकणार होता, त्यावर चिखल येणार होता, आणि हे सगळं भिंतभर, अण्णांच्या आणि साऱ्या मंडळाच्या डोळ्यांसमोर.

"काशीद!" बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "हे दाखवायचं नव्हतं ना? बंद कर ते."

"करतो, बाई, करतो." मी लॅपटॉपकडे झेपावलो. एवढी वर्षं कॉम्प्युटरवर काढली होती, पण त्या क्षणी मला चालू प्रोग्रॅम थांबवायचं बटण सापडेना.

"हात लावू नगंस," अण्णा म्हणाले.

त्यांची घडी सुटली होती. ते दोन पावलं पुढे गेले.

कासवानं पाठ काढली, एका दमात, मानेपासून बुडापर्यंत. मग ते खाली आलं आणि मागचा पाय काढायला लागलं.

"आखूड हुणार," अण्णा म्हणाले.

पाय आखूड झाला. भिंतीवर चिखलाचं ठिगळ उमटलं.

"हां. आता लांब हुणार." झाला. "आता खूर बघा. खूर कधी पहिल्यांदा आलाय काय बाईला? रंकाळ्यावर मी म्हणायचो, बाई, खूर पाण्यात बुडवा, सुटला प्रश्न. ऐकायची न्हाई." कासव खुराशी घुटमळलं, झाकलं, पुन्हा काढलं, पुन्हा झाकलं. अण्णा खदाखदा हसले आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "डावं शिंग आधी. बघा, डावंच. आन् आता त्ये मोडणार. मोडलं! ह्यो बाईचाच हात हाय. आरं, ह्यो बाईचाच हात हाय की!"

कासव त्याच्या चालीनं चालत राहिलं. मधेच मंडळातलं कुणीतरी म्हणालं, "त्या खिळ्याचं काय? म्हशीच्या पोटातच आलाय."

"गोचीड आहे ती," बाई म्हणाल्या. "असू दे."

म्हैस पुरी झाली, पाठ ओली, मान वळवलेली. अण्णा तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न वळताच म्हणाले, "परत लाव."

मी परत लावलं. या खेपेला बाई उठल्या आणि भिंतीजवळ गेल्या. पायाशी कासव चुकायला लागलं तेव्हा त्यांनी नकळत उजवा हात पुढे केला, त्याला इथं नको, इकडे ये असं सांगायला. प्रोजेक्टरच्या उजेडात त्या हाताची सावली म्हशीवर पडली. सावली थरथरत होती आणि तिच्या शेजारून रेघ सरळ चालली होती. पदर केव्हाच खाली आला होता. बाईंना बाजूला व्हा असं कुणीही म्हटलं नाही.

संध्याकाळी एका पाहुण्यांनी मला विचारलं, "चित्र एवढं हळू हळू का काढलंय? मुद्दाम का?"

"मुद्दामच," मी अंबाडा सावरत गंभीरपणे म्हणालो. "ती आमची पद्धत आहे."

बाई शेजारीच होत्या. पाहुणे पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या, "काशीद, तू माझ्या फाइलीत काही खोडायला गेला होतास काय?"

"गेलो होतो, बाई."

"मग?"

"म्हैस उताणी पडली."

बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

अफरीन आता बंगळूरला असते आणि माझ्यापेक्षा पुष्कळ चांगला कोड लिहिते. अंबाडा मी कापला. क्लास मात्र चालू राहिला, आणि पहिल्या तासाला मी अजून ते कुंचल्याचं वाक्य म्हणतो. परिणाम अजूनही होत नाही.

पुढच्या मार्चमध्ये बाईंची नवी म्हैस घेऊन आम्ही दोघं हॉलवर गेलो. मी वायरींचं भेंडोळं आणि लांबलचक एक्स्टेन्शन बोर्ड बगलेत मारला होता, कारण त्या कोपऱ्यात विजेची सोय नव्हती. भिंतीवर मोकळी चौकट होती, पण खिळा कुठं दिसेना. बाई दारातच थांबल्या. मी पुढे होऊन बघितलं. खिळ्याचं भोक सिमेंट भरून बुजवलेलं होतं, आणि बरोबर त्याच्या खाली, गुडघ्याच्या उंचीवर, अण्णांनी एक नवाकोरा प्लग पॉइंट बसवून घेतला होता.